कमावत्या पोरीची आई

डिसेंबर-जानेवारीत वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या विंगेत डोकावलं की एक दृश्य हमखास दिसतं. शाळेचं गॅदरिंग असतं. सानपाडा, जुईनगर, तुर्भे इथून रिक्षा करून आलेल्या आया पोरींना तयार करत असतात. एखादी आई चार आकडे ओठांत धरून मुलीच्या एवढ्याशा केसांत गंगावन बसवते, शिवलेल्या नऊवारीचा काष्टा ओढून सारखा करते, घुंगरांचा पट्टा आवळते आणि ‘मान हलवू नकोस’ म्हणून दटावते. मग गाणं लागतं, बुगडीची लावणी. सात-आठ वर्षांची पोर ठेका धरते. आई विंगेत उभी राहून तेच हातवारे करत राहते. मुलगी मध्येच विसरली, तर तिला बघता यावं म्हणून.

ही लावणी १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातली. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार यांचं, शब्द गदिमांचे, आवाज आशा भोसले यांचा आणि पडद्यावर नाचली जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. त्याची नायिका होती हंसा वाडकर. अकरा वर्षांनी, १९७० मध्ये, याच नावाने तिचं आत्मकथन राजहंस प्रकाशनाने काढलं. आधी ते श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मध्ये क्रमशः आलं होतं. हंसाबाई बोलत गेल्या आणि तरुण पत्रकार अरुण साधू यांनी ते शब्दांत उतरवलं. त्याच १९७० सालच्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या सानपाडा गावाच्या नशिबी नवी मुंबई लिहिली गेली. आज त्या शहरातल्या पोरी ज्या लावणीवर बक्षिसं मिळवतात, त्या चित्रपटाच्या नायिकेचं बालपण मात्र विंगेतल्या या मायेपासून फार दूरचं होतं.

हंसा वाडकर हे सिनेमासाठी घेतलेलं नाव. खरं नाव रतन साळगावकर. सिनेमाच्या धंद्यात घराण्याचं आडनाव नको, म्हणून नावाबरोबर आडनावही बदललं. मामा वरेरकरांच्या ‘विजयाची लग्ने’ या १९३६ सालच्या चित्रपटात ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचं वय शाळेत जाण्याचं होतं. पण घरात पैसा नव्हता, वडिलांना दारूचं व्यसन होतं आणि पोरीला गळा होता. एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्या काळात पोरीची शाळा सुटायची आणि स्टुडिओ सुरू व्हायचा.

यात एक जुनी रीत होती. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या कलावंतीण घराण्यांत मुलगी झाली की आनंद व्हायचा. बाकीचा समाज मुलाची वाट बघत असताना या घरांत गाणारी मुलगी हाच आधार असे. तिला लहानपणापासून तालीम मिळे, तिचं गाणं कुठे व्हावं हे आई किंवा आजी ठरवी आणि बिदागीही त्यांच्याच हाती पडे. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. तोवर या घरांतल्या अनेक गळ्यांनी ग्रामोफोनची, नाटकाची आणि नव्याने बोलू लागलेल्या सिनेमाची वाट धरलीच होती. मैफलीची जागा सेटने घेतली, बिदागीचा पगार झाला. पैसे मोजून घेणारे हात मात्र घरातल्या मोठ्यांचेच राहिले.

सगळ्याच जणी त्या घराण्यांतून आल्या असंही नाही. मराठी माणसाने सिनेमा सुरू केला तोच मुळी बाईविना. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये फाळक्यांना तारामती मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या पुरुषाला साडी नेसवावी लागली. त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ने ही कोंडी फोडली, आणि फोडणाऱ्या होत्या मायलेकी. आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, मुलगी कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत आल्या होत्या. एकट्या बाईला त्या काळी पोट भरायला लोकांघरची धुणीभांडी, स्वयंपाक किंवा समाजाने नावं ठेवलेला धंदा, एवढेच मार्ग दिसत. त्यांनी नाटक निवडलं आणि त्यापायी वाळीत पडणं सोसलं. पोरगी लहानपणीच रंगभूमीवर उभी राहिली, कारण तिला ठेवायला दुसरं घरच नव्हतं.

म्हणजे पोरीला कामाला लावणारी ही पहिली सिनेमातली आई स्वतःच उघड्यावर पडलेली होती. कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. नवरा लवकर गेला आणि त्यांनीही नाटकावरच मुलं वाढवली. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. म्हातारपणी रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात त्या कॅमेऱ्यासमोर बसून आपली कहाणी सांगताना दिसतात.

शोभना समर्थ यांची गोष्ट वेगळ्या सुखवस्तू थरातली, पण त्याच वाटेने जाणारी. १९४३ च्या ‘रामराज्य’मधली त्यांची सीता इतकी गाजली की घराघरांतल्या कॅलेंडरांवर सीतेला त्यांचाच चेहरा मिळाला. १९५० मध्ये त्यांनी स्वतः निर्मिती आणि दिग्दर्शन करून ‘हमारी बेटी’ काढला आणि चौदा वर्षांच्या नूतनला पडद्यावर आणलं. नूतनच्या लहानपणीच्या भूमिकेत धाकटी तनुजा होती. एक चित्रपटच आईने लेकींसाठी उभा केला. त्याच आईने नूतनला पुढे शिकायला स्वित्झर्लंडलाही पाठवलं. १९६० मध्ये ‘छबीली’ आला. दिग्दर्शन पुन्हा आईचं, भूमिका दोघी लेकींच्या, आणि नूतनने त्यात स्वतः गाणीही म्हटली. पुढे पैशांच्या हिशेबावरून मायलेकींचा वाद कोर्टात गेला. अनेक वर्षं दोघींत अबोला होता आणि उतारवयात तो मिटला. यात दोषी कोण, याचा निवाडा बाहेरच्यांनी करण्याचं कारण नाही. एकच आई गुरू, निर्माती आणि खजिनदार असली की काय होतं, ते मात्र दिसून येतं. जेवणाच्या ताटावरचा रुसवा आणि व्यवहारातला तंटा यांच्यात भिंतच उरत नाही.

त्याच पन्नासच्या दशकात मराठी मनात आईची एक मूर्ती पक्की बसली होती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिलं आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा चित्रपट केला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम आजही डोळ्यांसमोर उभा राहतो. या पुस्तकातली एक आठवण सगळ्यांनाच ठाऊक आहे. विहिरीत पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने फोडून काढते. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, म्हणून. तो मार वाचताना मराठी वाचकाचा गळा दाटून येतो, कारण तो मार ज्याने खाल्ला तोच कृतज्ञतेने सांगतो आहे.

पण मार खाल्लेली मुलगी कृतज्ञ नसेल तर? तिने ते कुठे सांगायचं? ‘आईसारखं दैवत नाही’ असं शाळेत सुविचाराच्या फळ्यावर लिहिणाऱ्या समाजात त्या सांगण्याला जागाच नव्हती. ती जागा ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनाने केली. शीर्षकातच दोन क्रियापदं आहेत, आणि दुसरं ऐकणाऱ्याकडे मागणं करतं.

हंसाबाईंनी स्वतःलाही सोडलं नाही. दारू, घराबाहेरचे संबंध, पुन्हा पुन्हा घर सोडून जाणं आणि परत येणं, हे त्या काळी कुठल्याही नटीने छापून आणलं नसतं. पडद्यावर त्या ‘संत सखू’ होत्या, ‘लोकशाहीर रामजोशी’मधली बया होत्या, ‘पुढचं पाऊल’च्या नायिका होत्या. प्रेक्षकांनी ज्या बाईला सखू म्हणून हात जोडले, तीच आता आपला संसार कसा उधळला ते सांगत होती. लहानपणीच कमावती झालेली, मग जगन्नाथ बांदरकरांशी लग्न झालेली. तिला घर हवं होतं, मुलंबाळं हवी होती, स्वयंपाकघर हवं होतं. पण काम थांबवलं तर घर चालणार कशावर? माहेरी असताना कमाई आईच्या संसारात जायची. लग्नानंतर नवराच कामं घेऊ लागला, करार करू लागला, पैसे सांभाळू लागला. मारझोडीइतकाच हाही त्या पुस्तकातला दुखरा भाग आहे. पैशांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आणि जिच्या गळ्यावर ती भरली, तिच्यापर्यंत कधी आलीच नाही.

या आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ केला, तो १९७७ मध्ये आला. तोवर हंसाबाई हयात नव्हत्या. पटकथा गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे आणि बेनेगल या तिघांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. नायिकेचं नाव उषा. ही भूमिका स्मिता पाटीलने केली, तेव्हा तिला बावीसही पुरी झाली नव्हती. अमोल पालेकर नवरा केशव दळवी, अनंत नाग, नसिरुद्दीन शाह आणि अमरीश पुरी तिच्या आयुष्यात येणारे पुरुष. उषाची आई सुलभा देशपांड्यांनी केली. स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला.

सुलभाताईंनी उभी केलेली ही आई नीट पाहण्यासारखी आहे. उषाची आजी नावाजलेली गायिका, तिनेच नातीला गाणं शिकवलेलं. आईने मात्र त्या परंपरेतून सुटायला लग्नाचा आसरा घेतला आणि पदरात पडला दारुडा नवरा. पोरगी सिनेमात गेली तर आपण धडपडून मिळवलेली इभ्रत जाणार, या धास्तीने ती उषाला रागावते, मारते, डांबू पाहते. पण उषाच्या पैशावर चूल पेटू लागते तेव्हा ती गप्पही बसते. तिचं तोंड कडवट आहे, हात उचलला जातो, आणि तरी ती खलनायिका वाटत नाही. पोरीला बाजारात पाठवायचं नाही आणि पाठवल्यावाचून घर चालत नाही, या दोन दगडांमध्ये ती पिसली गेली आहे. केशवशी लग्नाला तिचा कडवा विरोध असतो. उषा हट्टाने त्याच्याशीच लग्न करते, तेव्हा ती गरोदर असते. आईच्या तावडीतून सुटायला तिने जे दार उघडलं, त्यातून ती दुसऱ्या मालकाच्या घरात शिरली. पुढे अमरीश पुरींचा विनायक काळे तिला वाड्यात सन्मानाने ठेवतो, फक्त उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही.

याच काळात अमेरिकेतही एका मुलीने आपल्या नटी आईबद्दल सांगितलं. जोन क्रॉफर्ड १० मे १९७७ रोजी वारली. मृत्युपत्रात तिने दत्तक मुलगी क्रिस्टिना आणि मुलगा क्रिस्टोफर यांना काहीच ठेवलं नव्हतं. पुढच्या वर्षी क्रिस्टिनाचं ‘मम्मी डिअरेस्ट’ आलं. मार, अपमान, पराकोटीची शिस्त, दारू. घरातल्या दोन धाकट्या बहिणींनी हे आपल्याला मान्य नाही असं सांगितलं. ज्या बाईवर आरोप होते ती उत्तर द्यायला उरली नव्हती. जोन स्वतः लहानपणी शाळेतच राबून शिकलेली, गरिबीतून वर आलेली होती.

१९८१ मध्ये फ्रँक पेरी यांनी त्यावर चित्रपट काढला. फे डनवेने जोनची भूमिका जीव ओतून केली. एका दृश्यात चेहऱ्याला पांढरं क्रीम फासलेली आई रात्री मुलीच्या कपाटात तारेचे हँगर बघून पिसाळते आणि त्याच हँगरने तिला बडवते. थिएटरात लोक हसू लागले. मग ते हँगर घेऊनच यायला लागले, संवाद एका सुरात ओरडू लागले. काही आठवड्यांतच पॅरामाउंटने जाहिरात बदलली आणि हसायला या, असा सूर लावला. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट चित्रपटाची रॅझी त्याला मिळाली आणि नंतर तो अनेकांचा लाडका झाला. अति झालेल्या, भडक रंगवलेल्या गोष्टीत मजा शोधण्याच्या या आवडीला तिकडे ‘कॅम्प’ म्हणतात. सुसान सोंटॅगने १९६४ मध्ये त्यावर गाजलेला निबंध लिहिला होता. त्या आवडीने अनेक उपेक्षितांना एकमेकांचा आधार दिला, हे खरं. पण या एका बाबतीत तिने एका लहान मुलीचं सांगणं हशात बुडवलं. क्रिस्टिनाने सांगितलं ते खरं मानायचं की नाही हा प्रश्नच मागे पडला. उरला तो हँगर.

‘भूमिका’ बघताना कुणी हसलं नाही, याचं कारण निव्वळ अभिनय नव्हे. पेरींच्या चित्रपटात आई एकटी आहे. तिच्या रागाला घराबाहेरचं कारण फारसं दिसत नाही, म्हणून तो राग राक्षसी आणि मग गमतीचा वाटू लागतो. बेनेगलांच्या चित्रपटात आईच्या मागे आजी दिसते, आजीच्या मागे देवळं आणि मैफली, वडिलांच्या मागे दारूचा गुत्ता, केशवच्या मागे त्याने उषाच्या बालपणी त्या घराला केलेली मदत. मार तोच असतो, पण तो कुठून आला ते कळतं. त्यामुळे मुलीचं दुःख कमी होत नाही. ते ऐकू येतं.

मुलांची कमाई पालकांनी संपवली की काय करायचं, याचं उत्तरही अमेरिकेला एका आईमुळेच शोधावं लागलं. चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन हा तेव्हाचा सर्वांत महागडा बालनट. तो सज्ञान झाला तेव्हा आई आणि सावत्र बाप यांनी त्याची बहुतेक सगळी कमाई खर्च केलेली होती, आणि तेव्हाच्या कायद्याने मुलाची कमाई पालकांचीच होती. १९३८ मध्ये त्याने आईवर खटला भरला, हाती थोडकंच लागलं. पण १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला. तो आजही कूगनच्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे हे व्हायला २०१६ ची बालकामगार कायद्यातली दुरुस्ती आणि २०१७ चे नियम यावे लागले. सानपाड्याच्या एखाद्या सोसायटीत मालिकेचं शूटिंग लागलं आणि त्यात दहा वर्षांची मुलगी असली, तर निर्मात्याला ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. नवी मुंबईचा हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शाळा बुडू द्यायची नाही. आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्याच नावाने मुदत ठेवीत थेट जमा करायचा, तो तिला अठरा पूर्ण झाल्यावर मिळणार. रतन साळगावकर नावाच्या मुलीला हा नियम लागू असता तर लग्नाच्या वेळी तिच्या हाती पासबुक तरी असतं. केशव दळवीसारख्या माणसाकडे जाण्यावाचून दुसरा रस्ता तिला दिसलाही असता.

उरलेला पैसा आईबापांकडे जातो आणि त्यावर कायदा बोलत नाही. तिथे विंगेतल्या त्या आईवरच विसंबावं लागतं. मुंबईतल्या ऑडिशनच्या रांगांत डबा, पाण्याची बाटली आणि गृहपाठाची वही सांभाळत बसलेल्या बहुतेक आया तो विश्वास राखतात. मुलीला घाम आला की त्या रुमाल काढतात, नकार आला की परतीच्या लोकलमध्ये तिला मांडीवर झोपू देतात. त्यांच्या नावाने सिनेमा निघत नाही.

‘भूमिका’च्या शेवटाकडे उषाची मुलगी सुषमा मोठी झाली आहे, तिचं लग्न झालंय, ती स्वतः आई होणार आहे. आजीच्या घरात वाढलेली ही मुलगी आपल्या नटी आईला म्हणते, माझ्याकडे राहायला चल. आयुष्यभर घरासाठी तडफडलेल्या बाईला घर देऊ करणारं हे पहिलंच माणूस, ज्याला तिच्याकडून काही नको आहे. स्मिता पाटील क्षणभर मुलीकडे बघते. त्या नजरेत होकार येऊन जातो. मग ती नाही म्हणते आणि हॉटेलातल्या खोलीत एकटी थांबते. ती खोली तिने स्वतःच्या पैशाने घेतलेली आहे.